महेशचंद्रांचा हरलेला डाव

(बारामती व इंदापूर तालुक्यांतील शिक्षक आणि पंचायत सदस्य यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



खेळ हा शब्द उच्चारला की नीरा आणि भीमा यांच्या दुआबात प्रथम कुस्तीचा आखाडा डोळ्यांपुढे येतो, पाठोपाठ कबड्डीचे मैदान. बुद्धिबळाला क्रीडा म्हणावे की नाही, अशीच शंका पुष्कळांच्या मनात असते. सावलीत बसून, अंगाला घाम न येऊ देता खेळावयाचा हा प्रकार रिकामटेकड्यांचा, असा समज घरोघरी आढळतो. वास्तविक हा खेळ या भूमीत परका नाही. पारावर, देवळाच्या ओवरीत, वाड्याच्या सोप्यात कोळशाने आखलेल्या चौसष्ट घरांवर तो पिढ्यान्‌पिढ्या रंगत आला. मात्र पारावर खेळला जाणारा तो डाव आणि आज शालेय स्पर्धांत खेळला जाणारा डाव यांच्या नियमांत मोठे अंतर आहे. स्पर्धेतील डावाची सुरुवात कशी करावी, हा प्रश्न विद्यार्थ्यांना शिकविताना नेहमी उभा राहतो. त्याचे उत्तर या अंतरातच दडलेले आहे.

देशी पद्धतीत प्यादे पहिल्या खेळीलाही एकच घर चाले. राजाला किल्लेकोट नव्हता. त्याऐवजी शह बसलेला नसेल तर संपूर्ण डावात एकदा राजाने घोड्याप्रमाणे उडी मारावी, अशी मुभा असे. पलीकडच्या टोकाला पोहोचलेल्या प्याद्याला खेळाडूच्या मर्जीने वजीर होता येत नसे. ज्या मोहऱ्याच्या घरी ते पोहोचले, त्या मोहऱ्याचे रूप त्याला मिळे. याशिवाय गावोगावचे बारीकसारीक फरक निराळेच. परगावचा पाहुणा पटावर बसला की आधी नियमांची बोलाचाली होई आणि मग खेळाला हात लागे.

या नियमांचा डावाच्या सुरुवातीवर काय परिणाम होत असे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. यूरोपीय पद्धतीत पहिल्याच खेळीला प्यादे दोन घरे धावते, त्यामुळे दोन्ही सैन्ये चटकन मध्यभागी भिडतात. देशी खेळात प्यादी सावकाश पुढे सरकत. खेळाडू आधी आपली घडी बसवी, घोड्यापुढील प्यादे एक घर सरकवून त्या पोकळीत उंट आणून बसवी आणि तेथून पटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपा मारा धरून ठेवी. प्रतिपक्ष मध्यभागी आला की मग त्याच्यावर हल्ला. घाई नाही, पण गाफीलपणाही नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर कलकत्त्याच्या बुद्धिबळ मंडळात या दोन रीती समोरासमोर आल्या. जॉन कॉक्रेन हे तेथे वकिली करणारे स्कॉटिश बॅरिस्टर. ते त्या काळातील नामांकित आणि आक्रमक खेळाडूंपैकी एक होते. कलकत्त्यात त्यांना तोडीचा प्रतिस्पर्धी मिळणे कठीण झाले होते. अशा वेळी मोफसलातील एका ब्राह्मणाची कीर्ती मंडळाच्या कानी आली. हा गृहस्थ बुद्धिबळात कधी हरला नाही, असे त्याच्या मुलुखात बोलले जाई. त्याचे नाव महेशचंद्र बॅनर्जी. मोफसल म्हणजे राजधानीबाहेरचा मुलूख. कलकत्त्याला जसा तो प्रदेश, तशी मुंबईला बारामती आणि इंदापूर. महेशचंद्र देशी नियमांवर वाढलेले होते. यूरोपीय नियम त्यांना प्रौढपणी शिकावे लागले आणि ते त्यांनी शिकून घेतले. १८४८ च्या सुमारापासून पुढे कित्येक वर्षे या दोघांत शेकडो डाव झाले. बहुतेक कॉक्रेन जिंकत, पण महेशचंद्रांनीही त्यांना वेळोवेळी हरविले. या सामन्यांना विशेष महत्त्व आले ते एका गोष्टीमुळे. कॉक्रेन डाव लिहून ठेवीत असत.

त्यांपैकी १८५५ मधील एक डाव खेळी-खेळीने पाहण्यासारखा आहे. शिक्षकांनी तो फळ्यावर पट काढून मुलांपुढे मांडावा.

पांढरे मोहरे कॉक्रेन यांच्याकडे होते. त्यांनी वजिरापुढील प्यादे दोन घरे पुढे टाकले. त्या काळच्या यूरोपीय रिवाजाप्रमाणे काळ्याने लागलीच आपले प्यादे समोर नेऊन भिडवावयाचे. महेशचंद्रांनी तसे न करता राजाच्या बाजूचा घोडा बाहेर काढला. कॉक्रेन यांनी वजिराच्या उंटापुढील प्यादेही दोन घरे आणले, तेव्हा महेशचंद्रांनी राजाच्या घोड्यापुढील प्यादे एकच घर सरकविले. येथे देशी हात स्पष्ट दिसतो. तिसऱ्या खेळीला कॉक्रेन यांचा वजिराकडील घोडा पुढे आला आणि महेशचंद्रांनी वजिरापुढील प्यादे एकदम दोन घरे पुढे घालून मध्यभागालाच आव्हान दिले. देशी डावात ही खेळी शक्यच नव्हती, कारण तेथे प्याद्याला दोन घरांची चाल नाही. चौथ्या खेळीला उंट मोकळ्या केलेल्या बगलेच्या घरात जाऊन बसला, पाचव्या खेळीला किल्लेकोट झाला. पाच खेळ्यांत जुनी सवय आणि नवे नियम एकत्र नांदू लागले. शिकविलेले पाठ करणाऱ्याला हे साधत नाही. त्याने दोन्ही बाजू पचवाव्या लागतात.

पुढे मध्यभागी प्याद्यांची मारामारी झाली. काळ्या घोड्याने पांढरा घोडा मारला; त्याच्या बदल्यात कॉक्रेन यांनी प्याद्यानेच तो घोडा घेतला आणि पटाच्या मध्यभागी पांढऱ्या प्याद्यांची भक्कम फळी उभी राहिली. ही फळी उभी राहू द्यावयाची आणि मग तिलाच धक्के द्यावयाचे, हा महेशचंद्रांचा बेत. आठव्या खेळीला त्यांनी वजिराकडील उंटापुढचे प्यादे पुढे टाकून तिला पहिला धक्का दिला. मागोमाग दुसरा घोडा आणि दुसरा उंट बाहेर आले. बगलेतील उंट दुरून तिच्यावर नजर रोखून बसलेलाच होता. बाराव्या खेळीपर्यंत काळ्याच्या डावात खोट काढण्यासारखे काही नाही.

नंतर मात्र घडी विसकटली. तेराव्या खेळीला काळा वजीर कॉक्रेन यांच्या उंटावर मारा धरण्यासाठी पटाच्या कडेला गेला. पंधराव्या खेळीला पांढऱ्या हत्तीने त्याला तेथून हुसकले. सोळाव्या खेळीला पुन्हा हुसकले आणि वजीर निघाला होता त्याच घरी परत आला. तीन खेळ्या खर्च होऊन पदरात काही पडले नाही. या तालुक्यांतील सदस्यांना याचा अर्थ विस्ताराने सांगण्याची आवश्यकता नाही. नीरा डाव्या कालव्यावर शेजपाळीत आपली पाळी आली असता दार उघडले नाही, तर ते पाणी पुढच्याच्या शेतात जाते आणि चुकलेल्याला पुढील आवर्तनाची वाट पाहावी लागते. कालव्याच्या शेवटाकडील इंदापूरच्या शेतकऱ्याला तर पाळीचे मोल अधिकच ठाऊक आहे. बुद्धिबळातही पाळी साठविता येत नाही आणि उसनी मिळत नाही.

दुसरी चूक याहून बारीक आहे आणि मुलांच्या नजरेतून हमखास सुटते. चौदाव्या खेळीला महेशचंद्रांनी किल्लेकोटातील हत्ती एक घर बाजूला घेतला. खेळी निरुपद्रवी दिसते. पण तोच हत्ती राजाच्या उंटापुढील प्याद्याची राखण करीत होता. तो हलताच त्या प्याद्याला राजाखेरीज कोणी वाली उरला नाही. कॉक्रेन यांचा वजीर तिरप्या रेषेत त्याच प्याद्याकडे पाहत होता. सतराव्या खेळीला पांढरा घोडा झेपावला. महेशचंद्रांनी त्याकडे दुर्लक्ष करून समोरचा उंट मारला. अठराव्या खेळीला घोड्याने ते प्यादे उचलले. आपल्याला अधिक मोहरे मिळत आहेत, या भरात महेशचंद्रांनी घोड्याने पांढऱ्या वजिरावर हल्ला केला. तेथून तीन खेळ्यांत मात. घोडा बाजूला होऊन एकाच वेळी घोड्याचा व वजिराचा असा दुहेरी शह, राजा कोपऱ्यात, मग कॉक्रेन यांचा वजीर राजाशेजारच्या घरात स्वतःचा बळी देतो, तो हत्तीने घ्यावाच लागतो, आणि परतलेल्या घोड्याच्या शहाला राजाजवळ उत्तर राहत नाही, कारण त्याच्या भोवतालची सर्व घरे त्याच्याच मोहऱ्यांनी अडविलेली असतात.

डाव हरला. त्याची सुरुवात मात्र हरली नाही. १८६४ मध्ये लंडनच्या एका बुद्धिबळ मासिकात हा डाव छापून आला आणि बराच काळ तेथेच पडून राहिला. पुढे १९२२ मध्ये व्हिएन्नाचे अर्न्स्ट ग्रुनफेल्ड यांनी हीच मांडणी स्पर्धांतून खेळण्यास प्रारंभ केला. पुढे जगज्जेते झालेले अलेखाइन यांना त्यांनी त्याच वर्षी या मांडणीने हरविले. आज ही सुरुवात जगभर ग्रुनफेल्ड बचाव या नावाने ओळखली जाते. जगज्जेतेपदाच्या सामन्यांत कास्पारोव्ह यांनी ती कार्पोव्ह यांच्याविरुद्ध खेळली. घोडा आधी बाहेर काढून मध्यभागाला दुरून शह देणाऱ्या मांडण्यांच्या संपूर्ण कुळाला मात्र यूरोपीय खेळाडूंनी भारतीय बचाव असेच नाव दिले, आणि ते आजही पुस्तकांत आहे. भारतात राहणाऱ्या मुलाने स्पर्धेच्या पुस्तकात किंग्ज इंडियन हे शब्द वाचले, तर त्यामागे एका मोफसलातील माणसाची सवय आहे, हे त्याला कोणीतरी सांगितले पाहिजे.

आता एक प्रश्न सहजच उपस्थित होतो. महेशचंद्रांसारखे खेळाडू महाराष्ट्रात नव्हते काय? विद्येची परंपरा तर येथे होतीच. मूळच्या पैठणच्या आणि काशीस स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात आपल्या संस्कृत ग्रंथात बुद्धिबळाचे विवेचन केले आहे. मुंबईत १८१४ मध्ये त्रेवंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक संस्कृतावरून इंग्रजीत छापले गेले. म्हणजे शास्त्र लिहिले गेले, कूटस्थानेही लिहिली गेली. पारावर प्रत्यक्ष खेळले गेलेले डाव मात्र कोणी लिहिले नाहीत. पट पुसला की डाव पुसला. पुण्याच्या किंवा बारामतीच्या वाड्यात एखाद्या कारकुनाने ग्रुनफेल्डच्या शंभर वर्षे आधी तीच मांडणी केली असेलही; तिला त्याचे नाव लाभणे आता शक्य नाही. महेशचंद्रांना नशिबाने असा प्रतिस्पर्धी लाभला, जो स्वतः जिंकलेल्या डावांतही समोरच्याच्या खेळ्या इमानाने टिपून ठेवीत होता.

विसाव्या शतकात महाराष्ट्राने ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढली. सांगलीस १९४१ मध्ये भाऊसाहेब पडसलगीकर यांनी नूतन बुद्धिबळ मंडळ स्थापन केले आणि राजधानीपासून दूरच्या त्या गावात देशभरचे खेळाडू स्पर्धेसाठी येऊ लागले. एका गावात एका माणसाने चिकाटी धरली तर काय होते, याचा हा दाखला जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने लक्षात ठेवण्याजोगा आहे. अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये अस्तित्वात आला. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे व्यंकय्या हे संयुक्त विजेते ठरले. पुढे प्रवीण ठिपसे १९९७ मध्ये आणि पुण्याचे अभिजित कुंटे २००० मध्ये ग्रँडमास्टर झाले.

खाडिलकर भगिनींची हकीकत मात्र अशी एका ओळीत आटोपता येत नाही. ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर यांच्या वासंती, जयश्री आणि रोहिणी या तिन्ही कन्या राष्ट्रीय महिला विजेत्या झाल्या. १९७४ मधील पहिली राष्ट्रीय महिला स्पर्धा वासंती यांनी जिंकली आणि त्यानंतर जवळजवळ दशकभर ते विजेतेपद या घराबाहेर फारसे गेले नाही. १९७६ मध्ये जेमतेम तेरा वर्षांच्या रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरल्या, तेव्हा मोठा गदारोळ झाला. मुलीने पुरुषांत खेळावे काय, हा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. निर्णय त्यांच्या बाजूने लागला आणि जागतिक महासंघाचे त्या वेळचे अध्यक्ष, माजी जगज्जेते मॅक्स यूवे यांनी, स्त्रियांना राष्ट्रीय वा आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश नाकारता येणार नाही, असा निर्वाळा दिला. १९८१ मध्ये रोहिणी आशियाई महिला विजेत्या झाल्या. पटावरील पहिल्या खेळीच्या आधी पटापर्यंत पोहोचण्याची एक खेळी असते, आणि मुलींच्या बाबतीत तीच पुष्कळदा खेळली जात नाही. यूरोपात वजिराला राणी म्हणतात, पटावरील सर्वांत बलवान मोहरा तोच. आपल्या भाषेत तो पुरुष राहिला. यातून काही अनुमान काढण्याची जरुरी नाही, परंतु गंमत म्हणून विद्यार्थिनींना सांगण्यास हरकत नाही.

यानंतरची हकीकत ताजी आहे. नागपूरच्या दिव्या देशमुख यांनी २८ जुलै २०२५ रोजी जॉर्जियातील बटुमी येथे महिलांचा विश्वचषक जिंकला. त्या वेळी त्या एकोणीस वर्षांच्या होत्या. अंतिम फेरीत समोर कोनेरू हंपी, म्हणजे भारताच्याच सर्वांत अनुभवी खेळाडू. दीर्घ मुदतीचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, जलद डावांपैकी पहिला बरोबरीत सुटला आणि दुसऱ्यात काळे मोहरे घेऊन दिव्या विजयी झाल्या. त्या विजयाबरोबर त्यांना ग्रँडमास्टर हा किताबही प्राप्त झाला. काळ्या मोहऱ्यांनी दुसऱ्यांदा चाल करावयाची असते, म्हणून ते दुबळे समजले जातात. अशा बाजूने धीर न सोडता डाव उभा करणे ही महेशचंद्रांच्या मांडणीचीही कसोटी होती.

तेव्हा बारामती आणि इंदापूरच्या शाळांनी काय करावे? खर्चाची बाब फार मोठी नाही. दोन मुलांना एक पट पुरतो, तो पुठ्ठ्यावरही आखता येतो. मैदान नसलेल्या वस्तीशाळेतही तो मांडता येतो आणि पावसाळ्यात बंद राहत नाही. अडचण वेगळीच आहे. शालेय स्पर्धा जवळ आल्या की मुलांकडून डावांच्या सुरुवाती पाठ करून घेण्याची रीत पडू पाहत आहे. दहा खेळ्या पाठ असलेले मूल अकराव्या खेळीला गोंधळते, कारण आधीच्या दहा का केल्या हे त्याला ठाऊक नसते. पाढे पाठ असणे चांगले. परंतु बुद्धिबळाची सुरुवात ही पाढा नव्हे. मोहरे लवकर बाहेर काढणे, राजाला सुरक्षित करणे, मध्यभागावर नजर ठेवणे आणि एकच मोहरा विनाकारण पुनःपुन्हा न हलविणे, एवढे समजावून दिले तर प्रारंभीची दोन वर्षे पुस्तकाची गरज नाही. गावात देशी खेळ जाणणारे कोणी वृद्ध असतील तर त्यांना शाळेत अवश्य बोलवावे. प्यादे एक घर चालले तर डाव कसा बदलतो, हे मुलांना एकदा खेळून पाहू द्यावे. महेशचंद्रांनी दोन्ही नियम जाणले म्हणूनच नवी वाट काढली.

याहून महत्त्वाची गोष्ट नोंदीची. उभ्या रांगांना अक्षरे आणि आडव्या रांगांना आकडे देऊन प्रत्येक घराला नाव देण्याची पद्धत अर्ध्या तासात शिकविता येते. दीर्घ मुदतीच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धांत प्रत्येक खेळाडूने खेळ्या लिहिणे सक्तीचेच आहे. शाळेत मात्र बहुधा निकालच तेवढा लिहिला जातो: अमुक जिंकला, तमुक हरला. हरलेल्या मुलाला आपण कोठे चुकलो हे कळण्याचे साधनच उरत नाही. वहीत डाव असेल तर शिक्षकाला बोट ठेवून सांगता येते की, येथे हत्ती हलला आणि प्यादे उघडे पडले. शिक्षक स्वतः उत्तम खेळाडू असण्याचीही आवश्यकता नाही. दोन मुलांनी वही उघडून बसले तरी चूक बहुधा त्यांनाच सापडते.

या वहीचा आणखी एक उपयोग येथे विशेष आहे. गाळपाचा हंगाम सुरू झाला की माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथील कारखान्यांच्या परिसरात ऊसतोडणी मजुरांची कुटुंबे बाहेरच्या जिल्ह्यांतून येतात. त्यांच्या मुलांची शाळा हंगामाबरोबर सुटते आणि हंगामाबरोबर बदलते. अशा मुलाचे गुणपत्रक येण्यास वेळ लागतो, पुस्तके मागे राहतात. डावांची वही मात्र खोपीतही मावते. एका शाळेत अर्धा राहिलेला डाव दुसऱ्या शाळेत त्याच घरापासून पुढे मांडता येतो. त्यासाठी कोणाची शिफारस लागत नाही आणि दाखलाही लागत नाही.

पंचायतींपुढे मागणी छोटीच आहे. गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात एक टेबल, चार पट आणि एक जाड नोंदवही. आठवड्यातील एक वेळ मुलींसाठी राखून ठेवावी. मुलगे जागा धरून बसले की मुली दारातूनच परत जातात, हा अनुभव पुष्कळ वाचनालयांचा आहे. वर्षातून एकदा बारामती आणि इंदापूरच्या शाळांचा परस्परांशी सामना व्हावा, एक वर्ष एका तालुक्यात, पुढील वर्ष दुसऱ्यात. सामन्यातील सर्व डाव, हरलेल्यांचेही, त्या नोंदवहीत उतरवावेत. प्रत्येकाखाली दोन्ही मुलांची नावे, शाळा आणि तारीख असावी.